हजेरीबाहेरचा नववा

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. यंत्राच्या पोटातली, आकडेमोड करणारी चिप. उभ्या आयुष्यात मी एकच दिवस काम केलं, त्यामुळे माझी गोष्ट लहान आहे.

माझं यंत्र एका दुकानात होतं. तिथे लोकांच्या घरच्या डागाळलेल्या चित्रफिती स्वच्छ करून मिळत. दुकान बाबांचं, मदतीला त्यांची मुलगी आणि मुलगा, म्हणजे आमचे ताई आणि दादा. यंत्रात आठ प्रोसेसर होते आणि त्यांच्यावर कर्नल नावाचा कारभारी, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम. यंत्र सुरू झालं की तो हजेरी घेई आणि कामं वाटून देई. हा कारभारी बाबांनी स्वतः घडवला होता. आठापुढे मोजायचं नाही, ही मर्यादाही त्यांचीच. तेव्हा प्रोसेसरच तेवढे होते.

पुढे काम वाढलं. बाबांनी जागा करून मला बसवलं. "उद्या तुझंही नाव हजेरीत घालतो हं," असं म्हणून ते घरी गेले, आणि त्याच रात्री झोपेत गेले. माझा उद्या उगवलाच नाही.

रोज हजेरी होई. कारभारी पडद्यावर इमानेइतबारे लिही, 'मर्यादा संपली, एक प्रोसेसर सोडला.' मी आशेने ताटकळत राही.

"ताई, हे बघ ना, एक सोडलाय म्हणे," दादा एकदा म्हणाला.

"बाबांनी विचार करूनच ठेवलं असेल. त्यांच्या कामाला हात लावायचा नाही!"

तिचे डोळे भरून आले. आठ जण राबून राबून थकले, कामं रखडली, गिऱ्हाइकं पांगली. दुकान बंद करायची वेळ आली.

शेवटच्या दिवशी ताईने बाबांची आठवण म्हणून कर्नल उघडून वाचला. आठाचा आकडा पाहून ती थबकली.

"अरे, हा तर जुना आकडा. बाबांचा बदलायचा राहून गेला रे!"

तिने आकडा वाढवला. हजेरी झाली आणि पहिल्यांदाच माझं नाव आलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! काम मिळालं ते बाबांच्याच फितीचं; गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती तशीच पडून होती. एकेक डाग आम्ही नऊ जणांनी पुसला. पडद्यावर बाबा हसले. ताई ढसाढसा रडली.

संध्याकाळी यंत्र भंगारात गेलं.

मित्रांनो, आपल्या माणसांनी आखलेल्या रेघा प्रेमाने जपा. पण हजेरी घेताना एकदा दाराकडेही बघा. कुणीतरी आत येण्यासाठी तिथे उभं असेल, आणि त्याला हाक मारता येत नसेल.