गालिच्यावरचं वजन

घोडबंदर रोडवरच्या लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. ब्रदर साकेत तिथे येशूच्या नावानं खादाडपणाचा आत्मा काढत, आणि तो निघाल्याचं काट्यावर दाखवत. दाराशी फरशीवर वजन व्हायचं. मग गाणी, प्रार्थना, कपाळाला तेलाचं बोट. त्यानंतर तोच काटा स्टेजवरच्या जाड लाल गालिच्यावर यायचा आणि वजन चांगलं उतरलेलं असायचं.

"काटा तोच, माणूस तोच. मग उतरलं काय? पाप उतरलं!" ब्रदर म्हणायचे आणि हॉल हालेलुयानं दणाणायचा. आत्मा काढायला देवाला बॅटरीचा काटा कशाला लागतो, ही शंका कुणाला शिवली नाही.

शेवंतीलाही नाही. वागळे इस्टेटहून रिक्षा करून ती कॉलेजातल्या लेकीला, समीक्षाला, घेऊन यायची. पोरगी चोरून खायची, मग बाथरूममध्ये ओकायची आणि रडायची. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते, हा आजार आहे, प्रार्थना मी करतो, तुम्ही डॉक्टरकडे न्या. शेवंतीला ते झोंबलं. माझी पोर वेडी आहे का, म्हणत तिनं ते चर्चच सोडलं.

समीक्षानं घरी तसाच काटा आणला. फरशीवर वजन होतं तेवढंच दिसायचं. ब्रदरांकडे उत्तर तयार होतं: प्रभूनं काढलं, तुझ्या अविश्वासानं परत बोलावलं, उपवास कर. स्टेजवरचा आकडा घरच्या फरशीवर यावा म्हणून पोर उपाशी राहत गेली. शेवंती शेजारणींना कौतुकानं सांगत राहिली, की प्रभूनं लेकीची जीभ ताब्यात ठेवलीय. एका सकाळी समीक्षा मोरीशी कोसळली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उपासमारीनं हृदय थांबलं.

स्मरणप्रार्थनेच्या जेवणासाठी दहा किलो तांदूळ आले. घर माणसांनी भरलेलं. लेकीचा काटा कुणीतरी गोधडीच्या घडीवर ठेवला होता. जागा नाही म्हणून शेवंतीनं पिशवी त्याच्यावरच टेकवली. काट्यावर आकडा उजळला, आठ. तिनं काटा फरशीवर घेतला. दहा. पुन्हा गोधडीवर. आठ. काटा वजन मोजतो ते त्याच्या चार पायांवर. मऊ गोधडी त्याच्या पोटाला खालून टेकत होती आणि थोडा भार परस्पर पेलत होती. शेवंतीला स्टेजवरचा जाड लाल गालिचा आठवला.

रविवारी ती पिशवी कडेवर घेऊन हॉलमध्ये गेली. दाराशी वजन केलं, दहा. स्टेजवर गालिच्यावर केलं, आठ.

"ब्रदर, तांदळानं काय पाप केलेलं?" तिनं विचारलं.

ही बाई दुःखानं भ्रमिष्ट झालीय, असं ब्रदर सांगू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड बाईंनी येऊन गालिचा दूर सारला आणि काटा स्टेजच्या फळ्यांवर ठेवला. दहा. गाण्यांना पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले.

"माझा प्रभूवर राग नाही," शेवंती म्हणाली. "त्यानं मेलेली मुलगी उठवली, तेव्हा हिला काहीतरी खायला द्या म्हणून सांगितलं. मी हे लहानपणापासून ऐकलंय. तरी माझ्याच पोरीचं ताट मी उचलून ठेवलं. तुमच्या मुली घरी न्या. खाण्याचा त्रास असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या. पण कुणी चमत्कार दाखवला, तर आधी गालिचा उचलून बघा."

तिनं पिशवी पुन्हा कडेवर घेतली आणि ती पायऱ्या उतरली. समीक्षाच्या नावाचा भात अजून शिजायचा होता.