एल्बिओचा हात आणि संडासातला पाव्हणा

उरुग्वेतल्या पायसांदू गावात दोन्या सुल्माच्या, म्हणजे सुल्माबाईंच्या घरी फुटबॉलचा सामना बघायचा, तर ज्याने त्याने आपल्याच जागेवर बसायचं. ती स्वतः खिडकीपाशी, मांडीवर माटे नावाच्या कडू चहाची तुंबडी. दीर वॉशिंग्टन दारात, तेही खुर्ची उलटी करून. टीव्ही मुका, रेडिओ ठणठणीत. नवरा गेल्यापासून त्याची वेताची खुर्ची मात्र रिकामी राहायची. एकदा पाद्रीबाबा तिच्यावर टेकले आणि उरुग्वेने सपाटून मार खाल्ला. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी त्यांनी या घराला आशीर्वाद द्यायचा तो अंगणातूनच.

आणि आज निबियाने, सुल्माच्या धाकट्या लेकीने, आपला ओविदिओ घरी आणला होता. मागणी घालायला. पोरगा नदीपलीकडचा, आर्जेंटिनाचा. आणि आज उपांत्य सामना कुणाशी? आर्जेंटिनाशीच.

"मुहूर्त चांगला काढलास," सुल्मा म्हणाली.

"अहो दोन्या सुल्मा, मला सुट्टीच रविवारी असते."

"आमच्या गोलकीपरला मात्र आज सुट्टी नाहीये. बस गप."

तिने माटे भरून त्याच्या हातात दिली. पोरगा इतका घाबरलेला, की त्याने तुंबडीतली चोखायची नळी चमच्यासारखी फिरवली.

"अरे, ते काय सूप आहे? नदीपलीकडे आया शिकवत नाहीत वाटतं!"

वॉशिंग्टन फिदीफिदी हसला. निबियाने कपाळाला हात लावला. आणि ओविदिओ, कान लाल करून, मागे सरकत सरकत वेताच्या खुर्चीत जाऊन बसला.

कुणी तोंड उघडायच्या आत रेडिओ किंचाळला. आर्जेंटिनाने गोल फेडला होता! एक-एक. टीव्हीकडे कुणी बघितलंच नाही, सगळे बघत होते खुर्चीकडे.

"ऊठ!"

ओविदिओ उठला. पण जायचं कुठे? दारात वॉशिंग्टन, खिडकीत होणारी सासू. बिचारा संडासात शिरला आणि त्याने आतून कडी घातली.

दोन सामन्यांपैकी आर्जेंटिनात झालेला पहिला जिंकल्यामुळे उरुग्वेला आज बरोबरी पुरणार होती, फक्त आणखी गोल खायचा नव्हता. आणि आर्जेंटिनावाले तर चवताळून आले. शेवटच्या मिनिटांत त्यांच्या उंच गड्याने चेंडू मारला, उरुग्वेचा गोलकीपर एल्बिओने बरोबर डावीकडे उडी घेतली, आणि चेंडू उरुग्वेच्याच एका खेळाडूच्या गुडघ्याला लागून उजवीकडे वळला. संपलंच सगळं. आर्जेंटिनावाले हात वर करून नाचायला लागले होते. आणि त्या एल्बिओने, चिखलात पडल्या पडल्या, उताणं होत हात मागे फेकला. रेषेवरून, बोटांच्या टोकांनी, चेंडू वरच्या दांडीपलीकडे!

घर हादरलं. वॉशिंग्टन खुर्चीसकट पडला.

"माझा हात!" सुल्मा ओरडली. "माझा हात आहे तो! लहानपणी अंगणाच्या याच भिंतीवर उताणा पडून मागच्या मागे माझी लिंबं चोरायचा मेला. किती चपला फेकल्या त्याच्यावर! त्याशिवाय येते का अशी चपळाई?"

तेवढ्यात संडासाची कडी वाजली.

"आत!" सगळे एकदम ओरडले.

"काय झालं ते तरी सांगा!"

"तुमच्या तोंडातला घास काढला आमच्या एल्बिओने. बाहेर पाऊल टाकलंस तर याद राख!"

"आई, माणूस आहे तो!" निबिया रडकुंडीला आली.

"मग माणसासारखा बसू दे की आत."

बसला. शिट्टी वाजली, गल्लीत फटाके फुटले, तेव्हा कुठे निबियाने दार उघडलं. ओविदिओ घामाघूम. सुल्मा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खरं सांग. आत बसून देवाकडे काय मागत होतास?"

निबिया मागून डोळ्यांनी खुणावत होती, की खोटं बोल रे. पण पोरगा सरळ.

"आर्जेंटिना जिंकू दे म्हणत होतो. गुडघे टेकून. तुम्ही ओरडलात तेव्हा तर जास्तच."

सुल्माने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि देवाने तुझं काही ऐकलं नाही."

"नाही ऐकलं."

"कधीच ऐकत नाही का?"

"फुटबॉलच्या बाबतीत... नाही, आठवत तरी नाही."

सुल्माचा चेहरा असा काही उजळला, की वॉशिंग्टनने छातीवर क्रुसाची खूण केली. तिने ओविदिओचा दंड धरला आणि त्याला थेट वेताच्या खुर्चीत बसवलं.

"सामना संपलाय, आता चालतं. निबिया, मांस शेगडीवर टाक, याला भूक लागली असेल. आणि नीट ऐक रे. येत्या रविवारी अंतिम सामना ब्राझीलशी आहे. जेवून ये, आत बस, आणि ब्राझील जिंकू दे म्हणून अगदी मनापासून माग. कुचराई केलीस तर मला कळेल."

"म्हणजे आई, लग्नाचं..." निबिया म्हणाली.

"अगं, परक्याला कोण दर सामन्याला घरच्या संडासात बसू देईल?" सुल्माने नवी माटे भरली आणि पहिली त्यालाच दिली. ओविदिओने दोन्ही हातांनी तुंबडी धरली, नळीला बोटही लावलं नाही.

"दोन्या सुल्मा," तो हळूच म्हणाला, "एल्बिओने नक्की केलं तरी काय? अख्ख्या जगाने पाहिलं, मीच तेवढा राहिलो."

"सरक तिकडे, वॉशिंग्टन," म्हणत सुल्मा त्या वयात जमिनीवर उताणी झाली आणि तिने हात मागे फेकला.