मच्छरदाणीला शून्य

परीक्षक महोदय, त्या मुलीच्या उत्तरावर लाल शून्य काढताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. उत्तर वाचलंत तरी का? की नमुना उत्तराशी शब्द जुळेनात, एवढ्यावरच पेन चाललं?

मी मच्छरदाणी बोलतेय. चारी कोपऱ्यांना नाड्या, एका बाजूला रफू. यंत्रावर विणली गेले, दुकानात लटकले आणि मग एका घरात पलंगावर माझी निम्मी हयात गेली. त्या घरची लेक विज्ञानाची शिक्षिका झाली आणि एका सकाळी तिनं मला सरळ पिशवीत कोंबलं.

"अगं, शाळेत झोपायला निघालीस का?" आईनं विचारलं.

"झोपलेल्यांना उठवायला!"

वर्गात बाईंनी मला खिडक्यांच्या गजांना ताणून बांधलं आणि मुलांना आत बसवलं. "हा वर्ग म्हणजे एक पेशी. ही मच्छरदाणी म्हणजे तिचं प्रद्रव्यपटल. हवं ते आत, नको ते बाहेर."

हुकूम सोडणारी मॉनिटर झाली केंद्रक. डबे घेऊन बसलेली मुलं तंतुकणिका, म्हणजे ऊर्जेचा पुरवठा. लयकारिका, म्हणजे पेशीतली सफाईवाली, झालेल्या मुलाच्या हाती केरसुणी. तो शेजाऱ्यालाच झाडू लागला, तेव्हा बाई ओरडल्या, "अरे, पेशी जिवंत आहे अजून, तिलाच संपवू नकोस!" पोरं हसून लोळली.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला सगळे 'मुकी' म्हणत. ती माझ्या कडेला बसून माझ्या भोकांत करंगळी घालून बघत होती. एकदम म्हणाली, "बाई, डास बारका असला तर आत येईल की. ही नुसता आकार बघते. पेशीला कळतं का, कोण कामाचं नि कोण नाही ते?"

मुकी बोलली होती!

"कळतं गं!" बाईंचा आवाज आनंदानं चढला. "काही कण अगदी बारीक असूनही पटल त्यांना अडवतं, आणि काही मोठ्यांना मुद्दाम दार उघडून देतं. इथं मच्छरदाणी संपते आणि पेशी सुरू होते."

मी कुठं कमी पडते हे त्या पोरीनं ओळखलं, याचा मला अभिमान वाटला.

चाचणीत तिनं नेमकं हेच लिहिलं. पेपर तपासायला तुमच्याकडे आले आणि तुम्ही शून्य दिलंत. बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या, मला काखेत मारून.

"मॅडम, आज मच्छरदाणी चालवून घेतली तर उद्या पोरं गादी-उशी लिहितील," मुख्याध्यापक म्हणाले. "पाठ करून घ्या. आणि वर्गात हे तंबू ठोकणं बंद."

फेरचाचणीत मुलीला पैकीच्या पैकी मिळाले. प्रद्रव्यपटल म्हणजे 'निवडक्षम पारपटल', एकही वेलांटी न चुकता. बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे काय गं?"

"माहीत नाही, बाई. पाठ आहे."

त्यानंतर ती वर्गात बोललेली नाही.

अहो, व्याख्या हव्यातच, कोण नाही म्हणतंय? पण समजून लिहिलेल्याला शून्य आणि न समजता ओकलेल्याला पूर्ण गुण, याला शिकवणं म्हणायचं? मी नुसता आकार बघते, कारण मी सुताची आहे. तुम्हाला कसली सबब आहे? लाल पेन टेकवण्याआधी उत्तर वाचा हो. निदान वाचा.

आता मी कार्यालयातल्या कपाटावर घडी होऊन पडलेय. काल लेखनिकानं माझ्यावरची धूळ झटकली आणि बाईंना विचारलं, "वापरात नसेल तर ही मी घरी नेऊ का? डास फार झालेत हो."