न फिरलेली किल्ली

इमारतीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांकडे असे, कारण त्यांचे दुकान दिवसभर उघडे. मग कुलूप न तुटता दोन घरांत चोरी झाली, कुजबूज सुरू झाली आणि काहीबाही निमित्त काढून एकेकाने आपली किल्ली परत नेली.

वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या निवृत्त फिटरांना किल्ली मागण्याचा धीर झाला नाही. त्यांनी गुपचूप कुलूपच बदलले.

संध्याकाळी मास्तर नेहमीप्रमाणे स्वतःच दार उघडून चहाला यायला गेले, तर किल्ली अडली. त्यांनी ती पुन्हा फिरवून पाहिली. आत फिटर कान देऊन ऐकत होते, पण दाराकडे गेले नाहीत. पावले जिना उतरून गेली.

त्यानंतर एकट्याचा चहा घशाखाली उतरेना. अखेर फिटरांनी जुने कुलूप परत बसवले, त्याला तेल दिले आणि दुकान गाठले.

"मास्तर, कुलूप जरा अडत होतं. आता अलगद फिरतंय. या ना चहाला."

मास्तरांनी मशीन थांबवले नाही. "तुमच्या कुलपापेक्षा माझं काज बरं, फिटरसाहेब. आपलं बटण ओळखतं तरी."

"चुकलं हो माझं. या ना."

"येईन की. पण बेल वाजवून येईन."

संध्याकाळी बेल वाजली. चहा उकळत होता. फिटर दाराशी गेले, पण दार न उघडता थोडा वेळ उभे राहिले. कदाचित किल्ली फिरेल, अशी त्यांना आशा होती.

बेल पुन्हा वाजली.