चिंतनवहीतलं पान

रोज दुपारी एक वाजता नर्सिंगच्या मुलींनी त्या दिवशीची आपली चूक वहीत लिहायची, हा रुपाली मॅडमचा नियम. वहीचं नाव चिंतनवही. काय चुकलं, का चुकलं, उद्या काय करीन. ऐकायला फार गोड. पण आपल्याच हातानं कबुलीजबाब लिहून द्यायचा आणि वर मॅडमनी म्हणायचं, मोकळेपणानं लिहा गं! अमडापूरच्या धम्मशीलाला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. ती चुकासुद्धा निवडून लिहायची. कापसाचा डबा उघडा राहिला. एप्रनचं बटण तुटलं. असल्या चुकांवर कोणी नापास होत नाही.

आजची चूक मात्र डब्याची नव्हती. सकाळी आठला पुष्पांजलीचा बीपी तिनं मोजलाच नव्हता. परवा बाळंत झालेली बाई लेकराला पाजत होती, बीपीचं यंत्र शेजारच्या वॉर्डात गेलेलं. धम्मशीलानं तक्त्यावर ११८/७६ लिहून टाकलं. १२०/८० लिहिलं की मॅडमना लगेच वास येतो, एवढं तिला कळत होतं.

आणि आता समोर बसलेली मयुरी वहीवर हात आडवा धरून लिहीत होती. एरवी हीच मयुरी वही पुढे सरकवून विचारायची, "पाह्य ना, बरं जमलं का?"

"काय लिवून राह्यली वं?"

"काही नाई."

"मंग लपवते काऊन?"

मयुरीनं नजर चुकवली. बाराचा बीपी हिच्याकडे होता. हिनं यंत्र लावलं असणार, आकडा भलताच निघाला असणार, आणि आता माझं नाव घालून मोकळी होतेय. दोन वर्षं एका ताटात जेवलेली पोरगी! धम्मशीलाला तिचा मनापासून संताप आला.

मयुरी पाणी प्यायला उठली तशी धम्मशीलानं वही ओढली.

'आज बाराला पुष्पांजलीताईंचा बीपी मी मोजला नाही. त्यांच्या सासूबाई सांगत होत्या, डोकं फार दुखतंय. पण आठचा आकडा धम्मशीलाचा होता. ती मोजल्याशिवाय कधी लिहीत नाही. म्हणून त्यातूनच दोन कमी करून ११६/७६ लिहिलं. मला लाज वाटते.'

तिनं ते दोनदा वाचलं. म्हणजे सकाळपासून त्या बाईच्या दंडाला कोणी यंत्र लावलंच नव्हतं.

शेजारच्या वॉर्डातून यंत्र उचलून ती धावत आली. पुष्पांजली डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती. सासू झुंबरबाई म्हणाली, "आता तिले डोयापुढं अंधारी येऊन राह्यली हो."

१७०/११०. तिनं पुन्हा मोजलं. तेच. मग ती ओरडलीच.

डॉक्टर आले, सिस्टर इंजेक्शन भरायला पळाल्या. रुपाली मॅडमनी तक्ता हातात घेतला. "बाराला ११६? मयुरी, तासाभरात एवढा चढला?"

दारात उभ्या मयुरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिले नका विचारू, मॅडम," धम्मशीला म्हणाली. "आठचाच आकडा खोटा हाये. मी मोजलाच नव्हता."

मॅडम काही बोलायच्या आत झुंबरबाई वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"मंग सकायपासून मी ज्याले त्याले सांगून राह्यली, पोरीचं डोकं दुखते म्हणून, तं सारे कागद पाहून मले गप काऊन बसवत होते वं बाई?"