कडेवरचं नाव

दुसऱ्यांनी मिळवलेली पदकं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाला एक अध्यक्ष होते. अध्यक्ष आयुष्यात भांडले ते फक्त शेजाऱ्याशी, आणि तेही खिडकी अर्धी लावून. पण घरी पदकांनी भिंती भरल्या होत्या, आणि ती दाखवताना "या मोहिमेत आपल्याला फार सोसावं लागलं," असं ते म्हणत. पाहुणे मान डोलवत. सोसत तेही होतेच.

मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. सभागृहाच्या मधोमध काचेचं एकच मोठं कपाट असे. यंदा ते अध्यक्षांच्या घराण्याला मिळायचं होतं, कारण त्यांच्या आजेसासऱ्यांनी एका जुन्या मोहिमेत टेकडी सर केली होती. निदान अध्यक्षांच्या भाषणांत तरी केली होती, आणि दर भाषणागणिक टेकडी उंच होत चालली होती. अट एकच होती. मधल्या कपाटात ठेवायची वस्तू आधी पारख्याला दाखवून त्याचा दाखला आणायचा. दाखला नसेल तर कपाट लष्करी टोप्या जमवणाऱ्या उपाध्यक्षांकडे आणि अध्यक्षांना जागा स्वच्छतागृहाच्या दाराशी. या विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं.

पारखी चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर बसे. टेबलावर हिरवं कापड, वाकवता येणारा दिवा, भिंग आणि सोनाराचा असतो तसा तराजू. आलेल्या माणसाकडे तो आधी भिंगातून बघे, मग पदकाकडे. पदक कधीकधी अस्सल निघे.

अध्यक्ष पत्नीला घेऊन आले होते, कारण आजोबा तिचे होते आणि पदकही तिचंच होतं. "तू फक्त बस. बोलायचं मी," असं त्यांनी जिन्यातच बजावलं होतं.

पारख्यानं पदक तोललं, उलटंसुलटं केलं, आणि मग कड दिव्याखाली धरून हळूहळू फिरवली.

"कडेवर नाव असतं," तो म्हणाला. "ज्याला पदक मिळालं त्याचं."

"असतं ना. झिजलं," अध्यक्ष म्हणाले. "जुनं पदक आहे, साहेब. छातीवर लटकून झिजलं."

"छातीवर लटकलेल्या पदकात आधी त्यावर उठवलेल्या राजाचं नाक झिजतं. यांचं नाक अजून टोचतंय. कड मात्र आरशासारखी. आजोबा काय हे पदक चाकासारखं रस्त्यावरून पळवायचे?"

"जुनी माणसं. काय करतील नेम नाही."

"आणि कडेवर हे बारीक ओरखडे. ताजे आहेत. एकाच दिशेचे."

आता पत्नीनं मान वर केली. "अहो," ती म्हणाली, "माझी नखांची कानस कुठंय?"

अध्यक्षांनी तराजूकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं ठेवलं होतं.

"न्हाणीघरात कडी लावून काय घरघर करत होता तुम्ही? मी विचारलं, तर म्हणालात दात घासतोय."

"हे बघ, घरी बोलू."

"घरी तुम्ही दात घासता. इथंच बोला."

पारखी भिंग पुसू लागला. धंद्यात इतकी करमणूक त्याला क्वचितच मिळे.

"अगं, त्यावर काय लिहिलं होतं, ठाऊक आहे ना?" अध्यक्ष कुजबुजले. "टेकडी सर केली म्हणून मी पंधरा जागी बोललोय. आणि कडेवर काय? खेचरवाला! लोकांनी भिंग लावून वाचलं असतं!"

"आजोबा मला कडेवर घ्यायचे," ती पारख्याला म्हणाली, "आणि मी पदकाच्या कडेवरचं वाचायचे. अक्षरं मी तिथं शिकले, शाळेत नाही. दुसरं काहीच ठेवलं नव्हतं त्यांनी. फोटोसुद्धा नाही." आणि तिनं एका दमात म्हणून दाखवलं. क्रमांक, नाव, आजोबांच्या वडिलांचं नाव आणि शेवटी, जरा ठासून, खेचरवाला.

पारख्यानं खुर्ची मागे सरकवली. "शिपायांची या मोहिमेची पदकं पोत्यानं येतात. खेचरवाल्याचं मी आजवर एकही पाहिलं नाही. तुमच्या मंडळातले सगळे मिळून जन्मभर शोधत बसले असते. अध्यक्षमहाराज, तुम्हाला ते सासरी फुकट मिळालं, आणि तुम्ही घासून शिपायाचं केलंत. शिपायाचंही नाही. कुणाचंच नाही."

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना दुःख झालं होतं, पण आजोबांचं नव्हे. "मग पुन्हा कोरून घेऊ!" ते म्हणाले. "आहे तस्संच! हिला पाठ आहे!"

"कोरा. मग खऱ्या पदकावर खोटं नाव होईल, आणि तसं मी लिहून देईन."

पत्नीनं पदक उचलून पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "कानस."

ती त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. असा पुरावा घरी ठेवायची भीती वाटली असावी. तिनं ती दिव्याखाली धरली. दातऱ्यांत चांदीचा बारीक भुगा अडकला होता. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली, फुंकर मात्र मारली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "याची पारख होते?"

पारख्यानं भिंग लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या शब्दाखातर लावलं. "चांदी पदकाचीच," तो म्हणाला, आणि दाखला लिहायला घेतला.

प्रदर्शनात मधलं कपाट अध्यक्षांच्या घराण्यालाच मिळालं. नियम नियम होता, आणि उपाध्यक्षांनी तो तीनदा वाचून पाहिला. कपाटात पदक होतं, शेजारी नखांची कानस होती आणि खाली पारख्याचा दाखला: "पदक अस्सल. नाव कानशीत आहे. कानसही अस्सल, वापर अलीकडचा, कौटुंबिक."

कपाटापाशी पत्नी उभी होती. जो कुणी वाकून कड बघे, त्याला ती नाव म्हणून दाखवी, शेवटचा शब्द ठासून. अध्यक्ष थोडे लांब, स्वच्छतागृहाच्या दाराशी उभे होते. तिथं त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. ते आपण होऊन गेले होते.