भाजलेला हात

निळा रंग दिलेली कोरी पाटी दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होती आणि शिवणबाई येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. केस पिकल्यावर त्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात साऱ्या गल्लीसमोर बोलून बसल्या, की नव्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव मीच लिहिणार. वाचायला आलं. लिहायला काही जमेना. उजव्या हातात ब्रश धरला की नुसते कोंबडीचे पाय. शेवटी त्यांनी हार मानली. उद्या सकाळी रंगारी येणार होता.

"आई, अजून एकदा लिहून बघ ना," लेक काजं करता करता म्हणाली.

"डोक्यात दगड भरलेत माझ्या. सगळ्या गल्लीला हसायला एक विषय झाला, बस."

थोरली बहीण पाहुणी आली होती. स्टुलावर बसून चहा फुंकत होती. शिवणबाईंनी टेबलावर कापड पसरलं, उजव्या हाताने पट्टी घट्ट दाबली आणि डाव्या हाताने खडूची रेघ ओढली. सरळ, एका दमात.

थोरली खुदकन हसली. "खोड काही सुटली नाही ना तुझी!"

"कसली खोड?"

"डाव्या हाताची गं."

"हलकं काम असलं की त्याला देते. जपावं लागतं, ताई. भाजलेला हात."

"कधी भाजला?"

"आता गं! तूच सांगायचीस ना, लहानपणी विस्तवात घातला होता म्हणून?"

थोरलीने कप खाली ठेवला. "अगोबाई! तू अजून तेच धरून बसलीस? काही भाजलं-बिजलं नव्हतं. तू डावखुरी. घास डाव्या हाताने, दगड डाव्या हाताने, मला चापट मारायचीस तीसुद्धा डाव्याच हाताने. मग आईने जाड कापडाची पिशवी शिवली, हातात घातली आणि मनगटाशी टाके घातले. तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस, म्हणून सांगितलं, हात भाजलाय, आत औषध लावलंय."

शिवणबाईंच्या हातातला खडू खाली पडून फुटला. कोणी उचलला नाही.

त्या हाताने त्यांनी कधी गरम भांडं उचललं नव्हतं. लेकीला कडेवर घेतलं ते सदा उजव्या बाजूला, कारण भाजलेल्या हाताचा भरवसा काय? एवढं भाजूनही डाग राहिला नाही, म्हणून स्वतःला नशीबवान समजत आल्या होत्या.

"मग नंतर तरी सांगायचं!"

"मला वाटलं, कळलं असेल. एवढी मोठी बाई तू!"

"कसं कळणार?" शिवणबाईंचा आवाज चिरकला. "दुखायचा तो, ताई. थंडीत रात्र रात्र ठणकायचा. कशाने गं ठणकायचा?"

लेकीच्या हातातली सुई होती तिथेच थांबली होती.

शिवणबाईंनी टेबलावरचं कापड एका फटक्यात खाली ओढलं, पाटी आडवी टाकली आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला. डाव्या हाताने. पहिली उभी रेघ खाली आली ती खडूसारखीच, सरळ. मग गोल. मग वळण. वर्गात घामाघूम होऊनही जे वळण कधी वळलं नव्हतं, ते आपसूक वळलं. शिवणबाई स्वतःच्या हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या. हा कुठे शिकला? ह्याला कोणी शिकवलं?

"आई, हात उचल! पुसतंय सगळं!"

डावा हात आपल्याच लिहिण्यावरून पुढे सरकतो, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नाव पुरं झालं तेव्हा अक्षरांच्या पायथ्याशी पांढरा फराटा उठला होता. पण अक्षरं पायांवर उभी होती. वाचता येत होती.

लेक चिंधी घेऊन धावली. "खालचं पुसून देते."

"हात लावायचा नाही." शिवणबाई धापा टाकत होत्या. "आणि रंगाऱ्याला सांग, येऊ नकोस."

मग त्यांनी डावा तळवा उजेडात धरला. करंगळीपासून मनगटापर्यंत ओला पांढरा पट्टा होता.

"बघ ताई," त्या म्हणाल्या, "आता पडला डाग."